कंपनी सुटून ३० वर्षं झाली, दम आता लागतोय? ॲस्बेस्टॉसचे पुरावे मोबाइलवरून कसे जमवायचे



आज फोनचा रिव्ह्यू नाही आणि नवीन ॲपही नाही. पण फोन लागणार आहेच, तोही तुमचाच. कारण ज्यांच्यासाठी हा लेख आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना ओटीपी आला तरी वाचायला नातवाला हाक मारावी लागते.

मी रायगडच्या किनाऱ्यावरचा. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात जा, मुंबईच्या कंपनीतून रिटायर होऊन गावी आलेले चार-पाच जण तरी भेटतील. घाटकोपर, भांडुप, मुलुंड, ठाणे इथल्या कारखान्यांत २०-२५ वर्षं काढली, कंपनी बंद पडली किंवा व्हीआरएस घेतली आणि वाडीत येऊन राहिले. यातल्या काहींना चढण चढताना धाप लागते, कोरडा खोकला जात नाही. घरचे म्हणतात बिडीमुळे. दवाखान्यात सांगतात जुना टीबी असेल. कोणी म्हणतं, वय झालं. "कंपनीत तुम्ही नेमके कुठल्या खात्यात होता?" हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ॲस्बेस्टॉस म्हणजे फक्त पत्रा नव्हे

आपल्याकडे ॲस्बेस्टॉस म्हटलं की डोळ्यांसमोर छपराचा सिमेंटचा पत्रा येतो. पण तो खनिज तंतू आहे, दगडातून निघणारा. जळत नाही, गंजत नाही, विणता येतो, सिमेंटमध्ये मिसळता येतो. म्हणून तो सगळीकडे घुसला. गाड्यांची ब्रेक लायनिंग आणि क्लचच्या प्लेट, सिमेंटचे पाइप, बॉयलर आणि स्टीम लाइनवरचं लॅगिंग, गॅस्केट, भट्टीजवळ लागणारी दोरी आणि कापड. जुन्या जहाजांच्या इंजिन रूममध्ये तर तो भरलेलाच असायचा. भाऊच्या धक्क्यावरून मोरा किंवा रेवसची लाँच पकडता ना, त्याच्या जवळच दारुखाना आहे. तिथे जुनी जहाजं तोडतात. आपली आयएनएस विक्रांत २०१४ मध्ये तिथेच तोडायला नेली होती. जहाज तोडणाऱ्या कामगाराने ॲस्बेस्टॉस हा शब्द ऐकलेला नसेल, पण पाइपावरचा पांढरा कापूस त्याने हाताने ओरबाडलेला असतो.

तर घरच्या माणसाला "तुम्ही ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंत का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" येईल. "ब्रेकचं काम होतं का? लॅगिंग काढायचात का? पांढरी धूळ उडायची का? कपडे झटकून घरी यायचात का?" असं विचारा.

धोका तंतूच्या आकारात आहे. फुप्फुसात खोल जाणारे तंतू ३ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपला केस ५० ते १०० मायक्रॉनचा. म्हणजे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला वास येत नाही. तंतू आत गेला की शरीराला तो विरघळवता येत नाही. त्याच्याभोवती हळूहळू व्रण तयार होतात, फुप्फुस कडक होतं. याला ॲस्बेस्टोसिस म्हणतात. शिवाय फुप्फुसाचा कॅन्सर आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर यांनाही ॲस्बेस्टॉस कारणीभूत ठरतो. पांढरा ॲस्बेस्टॉस धरून त्याच्या सगळ्या प्रकारांनी कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ६० हून जास्त देशांत बंदी आहे. आपल्याकडे नाही. पांढरा ॲस्बेस्टॉस परदेशातून आजही येतो.

बिडी-सिगारेटचा मुद्दा खोटा नाही, पण अर्धा आहे. धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमाचा मात्र धूम्रपानाशी संबंध नाही. त्यामुळे "बिडी ओढायचे ना, मग झालं" असं कोणी म्हटलं की विषय तिथे संपवू नका.

घाटकोपरमध्ये काय सापडलं

घाटकोपरला हिंदुस्थान कंपोझिट्स नावाची कंपनी होती, आधीचं नाव हिंदुस्थान फेरोडो. तिथल्या कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली. मुंबईत कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरशी ते जोडलेले. अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८१ कामगार तपासले, ४१ जणांना ॲस्बेस्टोसिस निघाला. म्हणजे साधारण दर पाचात एक.

त्याच अभ्यासात आणखी एक वाक्य आहे, ते मला जास्त लागलं. देशात ॲस्बेस्टॉसशी संपर्क येणारे अंदाजे १ लाख कामगार, आणि भरपाई मिळालेले ३० पेक्षा कमी. कारणं काय दिली? डॉक्टरांना या आजाराचं प्रशिक्षण नाही, मालकाच्या बाजूने झालेल्या तपासण्यांत सर्टिफिकेटच मिळत नाही, आणि ॲस्बेस्टोसिसला टीबी किंवा ब्राँकायटिस म्हणून टाकलं जातं.

हे टीबीचं प्रकरण मी आमच्या आळीत बघितलंय. एका काकांना टीबीच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले. दोन्ही वेळा थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. केसपेपरवर "व्यवसाय" या रकान्यात लिहिलं होतं: शेती. २२ वर्षं ब्रेक लायनिंग घासलेल्या माणसाचा व्यवसाय शेती! कारण तपासणीच्या दिवशी ते शेतीच करत होते.

घड्याळ कुठे चालू आहे

आता मुद्द्यावर येतो. ॲस्बेस्टोसिस दिसायला साधारण १०-२० वर्षं किंवा जास्त लागतात, मेसोथेलिओमाला ३०-४० सुद्धा. इकडे कंपनीचे कागद मात्र त्याच्या आधीच जातात. कंपनी विकली जाते, जागेवर टॉवर होतो, हजेरी रजिस्टर रद्दीत. आजार सावकाश येतो, पुरावा भराभर जातो. बहुतेक केस इथेच मरतात.

सुप्रीम कोर्टाने हे ओळखलं होतं. २७ जानेवारी १९९५ ला, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर, कोर्टाने सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा कलम २१ खालचा मूलभूत हक्क आहे, नोकरीत असतानाही आणि निवृत्तीनंतरही. आणि ॲस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला: प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोपर्यंत जपायची. २०११ मध्ये कोर्टाने बंदीची मागणी फेटाळली, पण हे आदेश पाळायचेच असं पुन्हा बजावलं.

फोनचा कॅल्क्युलेटर उघडा. समजा काका १९८८ मध्ये लागले, २०१४ मध्ये सुटले. ४० वर्षांचा हिशेब २०२८ पर्यंत, १५ वर्षांचा २०२९ पर्यंत. म्हणजे कंपनीला २०२९ पर्यंत नोंद ठेवणं भाग आहे. १९८० ला लागून २००० ला सुटले असतील, तर २०२० लाच मुदत संपली. तुमच्या घरचा आकडा काढा. मुदत बाकी असेल तर कंपनीला (किंवा तिला विकत घेणाऱ्या कंपनीला) वैद्यकीय नोंदींची प्रत मागणारं पत्र या आठवड्यात पाठवा. स्पीड पोस्टने, पोच घेऊन. ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट ठेवा. उत्तर नाही आलं तरी "मागितलं होतं" हा पुरावा झालाच.

पीएफ नंबर: जुन्या कंपनीचा पत्ता

"कंपनीचं ओळखपत्र पुरात गेलं, काहीच नाही आमच्याकडे." हे वाक्य तुम्ही ऐकालच. पण जुन्या पगार स्लिपवर, पीएफच्या चिठ्ठीवर किंवा पेन्शनच्या कागदावर पीएफ नंबर असतो. तो नुसता नंबर नाही. सुरुवातीची अक्षरं राज्याची (एमएच म्हणजे महाराष्ट्र), पुढची पीएफ ऑफिसची (बीएएन म्हणजे वांद्रे), मग कंपनीचा कोड आणि शेवटी कामगाराचा स्वतःचा क्रमांक. मधला कोड ईपीएफओच्या साइटवर "एस्टॅब्लिशमेंट सर्च"मध्ये टाका. लॉगिन लागत नाही, फक्त कॅप्चा. कंपनीचं नोंदलेलं नाव आणि पत्ता समोर येतो. स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा.

यूएएन २०१४ मध्ये आला, त्यामुळे त्याआधी सुटलेल्यांकडे तो नसेल. घाबरू नका. पीएफची पेन्शन चालू असेल तर ईपीएफओच्या पेन्शनर पोर्टलवर "नो युवर पीपीओ" आहे, तिथे बँक खाते क्रमांक टाकून पीपीओ नंबर निघतो. यूएएन असेल तर उमंग ॲपमध्ये किंवा मेंबर पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी बघा. कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत, हे सरकारी नोंदीतून मिळतं. केसमध्ये अर्धं भांडण याच एका ओळीवर असतं.

ईएसआयचं कार्ड असेल तर त्यावरचा विमा क्रमांक जपा, पुढे रस्ता कुठला हे त्यावर ठरणार आहे.

कंत्राटदाराकडे होते, कुठेच नाव नाही? मग सोबतचे कामगार हाच पुरावा. गावातल्या गावात दोन-तीन सापडतात, चाकरमानी एकमेकांना ओळखून असतात. फोन टेबलावर ठेवा, रेकॉर्डर सांगून चालू करा आणि त्यांना बोलू द्या. खातं, मशीन, धूळ, मास्क मिळायचा की फडकं, कोण सुपरवायझर. नंतर हेच प्रतिज्ञापत्रावर घ्या.

एक्स-रेचा फोटो काढताय? थांबा

इथे तरुण मंडळी गडबड करतात. जुनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून फोटो, फिल्टर मारून व्हॉट्सॲपवर. डॉक्टरला त्यातून काही दिसत नाही आणि वकिलाला त्याचा काही उपयोग नाही.

लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा, खोली अंधारी करा, फिल्म स्क्रीनला टेकवून फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. हा फोटो फक्त आठवणीसाठी. मूळ फिल्म फेकायची नाही, घडी घालायची नाही, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. नवीन तपासणी करताना प्रिंट घेऊन समाधान मानू नका, डायकॉम फाइल मागा, सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर. डायकॉममध्ये पेशंटचं नाव, तारीख आणि मशीनची माहिती फाइलच्या आतच असते, आणि तज्ज्ञाला ती झूम करून, उजेड कमी-जास्त करून वाचता येते. व्यवसायजन्य आजार ओळखणारे डॉक्टर एक्स-रे आयएलओच्या ठरलेल्या पद्धतीने वाचतात, त्यांना स्वच्छ प्रतिमा लागते. एक्स-रे सोबत छातीचा एचआरसीटी आणि पीएफटी, म्हणजे फुंकर मारायची टेस्ट, या दोन्हींचा विषय डॉक्टरांकडे काढा.

व्हॉट्सॲपवर कागद पाठवायचा तर फोटो म्हणून नाही, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी काढला ती आतली माहितीही जाते. मूळ फाइल फोनमध्ये आणि आणखी एका ठिकाणी तशीच ठेवा, क्रॉपसुद्धा नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. एक पिक्सेल बदललात तरी ठसा बदलतो.

आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: डॉक्टरांना विनंती करा की केसपेपरवर लिहा, "रुग्णाने अमुक वर्षं ते अमुक वर्षं ब्रेक लायनिंग कारखान्यात काम केले." एक ओळ. अशा आजाराचा कामगार आढळला तर कारखाना निरीक्षकांना कळवणं डॉक्टरवरही कायद्याने बंधनकारक आहे, हे नम्रपणे सांगायला हरकत नाही.

दावा कुठे लावायचा

मुख्य रस्ते दोन, आणि दोन्हींवर एकाच वेळी चालता येत नाही.

कामगार ईएसआयमध्ये होता, तर दावा ईएसआयकडे. त्यांचं मेडिकल बोर्ड तपासतं, आजार कामामुळे आहे का आणि कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं, आणि त्याप्रमाणे आयुष्यभर मासिक रक्कम मिळते. मग मालकाकडून नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळी मागता येत नाही. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर अपील आहे. जाता जाता: किमान ५ वर्षं ईएसआयमध्ये राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार मिळतात. गावात किती जणांना माहीत आहे, विचारून बघा.

ईएसआय नव्हतं, तर कर्मचारी नुकसानभरपाई. अर्ज आयुक्तांकडे करायचा, महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश बघतात. ॲस्बेस्टोसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे झालेला कॅन्सर, दोन्ही व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. कंत्राटी कामगाराला मूळ मालकाविरुद्धही दावा करता येतो.

किती मिळतं? १९२३ च्या कायद्याखालचा हिशेब: पूर्ण कायमचं अपंगत्व असेल तर मासिक पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा आकडा. ६५ आणि पुढच्या वयाला तो आकडा ९९.३७. पगार १५,००० धरला तर ९,००० गुणिले ९९.३७, म्हणजे ८,९४,३३०. पण पगार जुन्या काळचा ३,००० धरला गेला तर तेच उत्तर १,७८,८६६ येतं. अपंगत्व अर्धं ठरलं तर त्याच्या निम्मं. पगार स्लिप जपा म्हणतो ते यासाठी.

आता कडू भाग. दाव्याची मुदत २ वर्षं आहे. नोकरी सुटल्यावर २ वर्षांच्या आत लक्षणं आढळली तर ती आढळल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. ज्या आजाराला दिसायलाच २० वर्षं लागतात त्याला हा नियम लावणं मला थट्टाच वाटते. पण एक दार उघडं आहे: पुरेसं कारण दाखवलं तर आयुक्त उशिराचा दावा घेऊ शकतात. "आजार काय आहे हे आत्ता कळलं" हे कारण सिद्ध करायला पहिल्या निदानाची तारीख असलेला कागद लागतो. म्हणून ज्या दिवशी रिपोर्टवर ॲस्बेस्टोसिस हा शब्द येईल, त्या दिवसापासून टाळाटाळ नको.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन श्रमसंहिता लागू झाल्या. ईएसआय आणि नुकसानभरपाईचे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, कारखाने कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत. तुमच्या केसला जुना कायदा की नवा, हे वकिलाला ठरवू द्या. कागद दोन्हीकडे तेच लागतात.

आरटीआय, १० रुपयांत

खासगी कंपनीला थेट आरटीआय लागू नाही, पण कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आहे. महाराष्ट्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात का, कशासाठी असले प्रश्न नकोत, कागद मागा: "अमुक कारखान्याच्या परवान्याची, त्यात नमूद उत्पादन प्रक्रियेची, हवेतील धुळीच्या तपासणी अहवालांची आणि व्यवसायजन्य आजारांच्या सूचनांची प्रत, सन अमुक ते अमुक." ईपीएफओ आणि ईएसआयसी केंद्राकडे येतात, त्यांच्यासाठी केंद्राचं वेगळं आरटीआय पोर्टल.

घरच्यांचं काय?

धूळ भरलेला युनिफॉर्म घरी कोणी धुतला? बहुतेक आईने किंवा आजीने. त्यांनाही दम लागत असेल तर डॉक्टरांना हा इतिहास सांगा. नुकसानभरपाईचा कायदा मात्र कामगारापुरताच आहे, घरच्यांसाठी दिवाणी दावाच उरतो, आणि तो अवघड आहे.

पत्र्यांबद्दलही दोन वाक्यं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा आपल्याकडे छपरांचे तुकडे रस्तोरस्ती पडले होते आणि आपणच ते उचलले. पत्रा शाबूत असेल तर घाबरून काढायला जाऊ नका. तो फोडणं, ग्राइंडरने कापणं आणि कोरडा झाडणं यातून तंतू उडतात. तुकडे उचलायचेच तर आधी पाणी मारा.

वकिलाचे पैसे?

कायदेशीर सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हेल्पलाइन १५१००. रायगडचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागला आहे. जाताना काकांना सोबत न्या, आणि एकाच पातळ फाइलमध्ये क्रमाने लावा: आधार, पीएफ नंबरचा कागद, कंपनीच्या नोंदीचा स्क्रीनशॉट, ईएसआय कार्ड, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, टीबीच्या गोळ्यांचं जुनं कार्ड असेल तर तेही, आणि एका पानावर काकांच्याच शब्दांत: कुठल्या साली लागलो, कुठल्या खात्यात होतो, धूळ कशी उडायची. एक्स-रेची मूळ फिल्म कोणाच्या हातात सोडून येऊ नका. प्रत द्या, पोच घ्या.